तुमचे गाल, अक्का

अक्का, तुमच्या तेराव्याला जो जो आला त्याला मी एकच शब्द सांगितला. हार्ट. शब्द खरा होता, म्हणून जीभ अडखळली नाही. समोरच्या बायकांना सांगितला, तुमच्याकडे ब्लाउज शिवून घेणाऱ्यांना सांगितला, पुण्याहून आलेल्या मेघनाच्या होणाऱ्या सासूबाईंनाही सांगितला. त्या म्हणाल्या, एवढ्या वाळलेल्या बाईला हार्टचं कसं काय झालं? मी नुसती मान हलवली. तुम्ही वाळलेल्या नव्हतात हे त्या घोळक्यात मला एकटीला ठाऊक होतं. चेहरा आणि मनगटं, एवढंच तुमचं लोकांना दिसायचं. बाकीचं तुम्ही शिवून झाकलं होतंत.

तुम्हाला एचआयव्ही होता. वीस वर्षं. आपल्या घरात हा शब्द कोणी तोंडातून काढला नाही. सासूबाई होत्या तोवर त्या 'तसलं' म्हणायच्या, हे, तुमचे भाऊ, अजूनही 'अक्काचं दुखणं' म्हणतात, आणि तुम्ही तर त्याला काहीच म्हणत नव्हतात. आज मी लिहायला बसले तेव्हा आधी उठून दार लावून घेतलं. तुम्ही गेल्यावरसुद्धा.

माझ्या लग्नात तुम्ही करवली होतात. हसलात की डोळे गालांत बुडायचे, एवढे भरलेले गाल. तेव्हा तुम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, पीण्याच्या कारखान्यांच्या वस्तीत राहायचात, भाऊजी तिथल्या एका छोट्या कारखान्यात लेथवर होते. पाच वर्षांनी ते आजारी पडले, महिनोन् महिने जुलाब आणि ताप, आणि गेले. ते गेल्यावर तुमचं रक्त तपासलं. मग तुम्ही शिलाई मशीन आणि एक ट्रंक घेऊन चामराजपेटला आमच्याकडे आलात. माझी मेघना तेव्हा तीन वर्षांची होती.

मी तुमचं ताट आणि पेला वेगळा केला, अक्का. कोणी सांगितलं नव्हतं. माझं मीच केलं. मेघना तुमच्या मांडीवर चढली की 'झोपायची वेळ झाली' म्हणून उचलून न्यायची, सकाळी अकरा वाजता. तुम्ही एकदाही विचारलं नाही की ही पोर अकरा वाजता कशी झोपते. जेवण झालं की आपलं ताट आपणच घासून खिडकीत पालथं घालायचात. ते पालथं ताट मी वर्षभर बघत होते आणि मला काही वाटत नव्हतं. हे तुमच्याजवळ कबूल करायचं होतं. रोज वाटायचं, आज करू.

मग तुम्ही अंथरुणाला खिळलात, आणि सरकारी दवाखान्यात त्या नव्या फुकट गोळ्या मिळायला लागल्या. तीन महिन्यांत तुम्ही उठून मशीनवर बसलात. सासूबाईंनी बनशंकरीच्या देवळात जाऊन लिंबाचे दिवे लावले. आम्हाला वाटलं, सुटलो.

वर्ष-दीड वर्षानं मला पहिल्यांदा जाणवलं. वाटलं, अक्कांनी दाढा काढून घेतल्या की काय. गाल आत जात होते. आधी स्वल्प, मग डोळ्यांखालून जबड्यापर्यंत नुसता खड्डा. दंड काडीसारखे झाले, पिंढऱ्यांवर शिरा दोरखंडासारख्या वर आल्या. बसायला मांस राहिलं नाही, मशीनच्या स्टुलावर हाडं टोचायची म्हणून तुम्ही गोधडीची चौपदरी घडी घालून बसायला लागलात. आणि गेलं ते सगळं जणू पोटावर आणि मानेमागे येऊन बसलं. मानेखाली एक उंचवटा आला. तुम्ही स्वतःच्या ब्लाउजचं माप स्वतः घ्यायचात, मला टेप धरू द्यायच्या नाहीत. बाह्या लांब केल्या, पाठ बंद केली, पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायला लागलात. अख्ख्या गल्लीच्या बायकांना खोल गळ्याचे ब्लाउज शिवून देणारी बाई स्वतः मानेपर्यंत शिवून घेत होती.

आणि मग पोट. विधवा बाईचं वाढतं पोट. शेजारच्या एकीनं सासूबाईंना नळावर विचारलं, सुमनला कितवा महिना? सासूबाई घागर तिथेच टाकून घरात आल्या आणि तुमच्यासमोर उभ्या राहिल्या. तुम्ही ब्लाउजला हूक लावत होतात. सुई बाजूला ठेवलीत, आईचा हात धरून आपल्या पोटावर ठेवलात आणि म्हणालात, "दाबून बघ. चरबी आहे. आणखी काय असणार माझ्या पोटात?"

सासूबाई आत जाऊन रडल्या. तुम्ही हूक लावत राहिलात. त्या दिवसापासून तुम्ही गोळ्या बंद केल्यात, आणि ते मला दोन महिन्यांनी कळलं, ताप चढून तुम्ही बरळायला लागलात तेव्हा. बटणांच्या डब्यात तळाशी सगळ्या गोळ्या होत्या. तो डबा घेऊन मी तुमच्याजवळ आले आणि ओरडले. तुमच्यावर ओरडण्याची माझी पहिली वेळ. तुम्ही डोळे मिटूनच बोललात. "शोभा, गोळी घेतली तर मी जगते आणि चेहरा जातो. नाही घेतली तर चेहरा राहतो आणि मी जाते. तूच सांग, काय करू."

मी म्हणाले, मेघनाला तुम्ही हव्यात. तिला अकरा वाजता झोपवणारी मी, त्या दिवशी तिचंच नाव पुढे केलं. तुम्ही डोळे उघडून माझ्याकडे बघितलंत. तुम्हाला सगळं ठाऊक होतं. तरी "सरी", बरं, म्हणालात आणि तोंड उघडलंत. मी माझ्या पेल्यानं पाणी पाजलं. दुसरा शोधायला उठले नाही.

दवाखान्यात त्या दिवशी मी पहिल्यांदा तुमच्याबरोबर आले. तिथल्या डॉक्टर मॅडम रागावल्या नाहीत. कन्नडमध्ये समजावून सांगितलं, की त्या जुन्या गोळीनं बऱ्याच जणांची चरबी अशी सरकते, तुमच्यासारखे खूप आहेत, आधी यायला हवं होतं. गोळी बदलून दिली. तुम्ही एकच विचारलं, गाल परत येतील का? मॅडमनी कागदाकडे बघितलं. मग म्हणाल्या, आणखी जाणार नाहीत असं बघू.

परत येताना बसमध्ये समोरच्या सीटवर एक माणूस बसला होता. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात डबा. तुमच्याच गालांचा. त्यानं तुमच्याकडे बघितलं, तुम्ही त्याच्याकडे, आणि दोघांनी एकदम बाहेर बघितलं. उतरल्यावर तुम्ही म्हणालात, "लोक रक्त तपासून ओळखतात. आम्ही गालांवरून." आणि हसलात. तुमचं हसू आता डोळ्यांपर्यंत पोचायला मध्ये काही उरलंच नव्हतं, तरी पोचलं.

तुमच्याशी भांडायचं राहिलं ते ह्याच गोष्टीवरून. कधी कधी गोळी हातात घेऊन तुम्ही म्हणायचात, मला जगवलंस ते बरं केलंस का वाईट, ते नंतर कधीतरी सांगीन. मी चिडायचे. कृतघ्न म्हणायचे तुम्हाला. खरं तर मला भीती वाटायची की तुम्ही सांगाल.

पण चांगलं नव्हतं का काहीच, अक्का? माझं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा तीन आठवडे तुम्ही मला भरवलंत, उठवलंत, मला न्हाऊ घातलंत. मेघनाचा पहिला फ्रॉक ते कॉलेजचे कुर्ते, सगळं तुमच्या हातचं. आणि ती दुपार आठवते? मी खोलीत आले आणि तुम्ही आरशासमोर तोंडात दोन्ही बाजूंना कापसाचे बोळे धरून उभ्या होतात. गाल भरले होते. माझ्या लग्नातली करवली उभी होती. मला बघून तुम्ही काहीतरी बोलायला गेलात, कापसातून 'बॅबा' असं निघालं, आणि आपण दोघी इतक्या हसलो की तुम्ही जमिनीवर बसलात. हसता हसता कापूस बाहेर आला, आणि गाल गेले. मी तुमच्या शेजारी भिंतीला टेकून बसले. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत आपण तशाच बसलो होतो.

पुढे साखर निघाली. मग कोलेस्टेरॉल. मॅडमनी सांगितलं, आत रक्तवाहिन्यांवर परिणाम होतो, चालायला हवं, वेगळ्या गोळ्या घ्यायला हव्यात. तुम्ही म्हणालात, एवढ्या गोळ्या घेतेय त्यात ही कशाला? रस्त्यानं चालायला तुम्हाला नको वाटायचं. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांमधून फेऱ्या मारायच्यात, दहा मिनिटं, मग दम लागतो म्हणून खाली. दम लागतो, हे मी ऐकत होते. मला वाटायचं, वय झालं. एक्कावन्न हे कुठलं वय?

आता साखरपुड्याचं लिहिते. हे लिहायचं नव्हतं.

अनिकेत चांगला मुलगा आहे, तुम्हीच पहिल्यांदा म्हणाला होतात. मेघनाच्याच ऑफिसातला, पुण्याचा. त्याच्या घरचे वीस जण बनशंकरीच्या हॉलवर आले. मेघनाचा मोरपंखी ब्लाउज तुम्ही शिवला होतात, त्याच्या बाहीवरचं काम बघायला त्यांच्या बायका जमल्या. तुम्हाला पुढे बोलावलं. अनिकेतच्या आईनं तुमच्याकडे बघितलं, आणि मला बाजूला घेऊन विचारलं, ह्यांना काय झालंय? मी म्हणाले, थायरॉइड. त्या म्हणाल्या, आमच्या ओळखीत एकाचा चेहरा असाच झाला होता, त्याला वेगळंच निघालं. मी तुमच्याकडे आले आणि म्हणाले, पंगतीकडे कोण बघतंय बघा जरा, इथे फोटोत तुम्ही नसलात तरी चालेल.

'नसलात तरी चालेल.' असेच शब्द होते. तुम्ही पदर नीट केलात आणि पंगतीकडे गेलात. फोटोग्राफर 'आत्या कुठे' म्हणून ओरडत होता, मेघना मान उंच करून शोधत होती, आणि मी म्हणाले, त्या कामात आहेत, काढा तुम्ही. त्या अल्बममध्ये आपले सगळे आहेत. तुमचे भाऊ परवा भिंतीवर लावायला फोटो शोधत होते. तुमच्या लग्नाआधीचा सापडला. त्या मुलीला मी ओळखत नाही.

त्यानंतर पाच आठवड्यांनी तो रविवार आला. अनिकेत नाश्त्याला आला होता. तुम्ही उप्पीट करत होतात. रवा भाजता भाजता ओट्याला धरून खाली बसलात, कपाळावर घामाचे थेंब. म्हणालात, ॲसिडिटी आहे, जबडाही दुखतोय, दात असेल. मी सोडा दिला. सोडा, अक्का. छातीत दुखणाऱ्या बाईला मी सोडा घातलेलं पाणी दिलं. अनिकेत आत आला, तुमच्याकडे बघून म्हणाला, काकू, रिस्क नको घ्यायला, गाडी खालीच आहे. त्यानंच तुम्हाला धरून जिना उतरवला.

जवळच्या नर्सिंग होममध्ये एक तरुण डॉक्टर होता. ईसीजीची पट्टी काढली, बघितली. म्हणाला, ह्यात ठळक काही दिसत नाही. मग मला विचारलं, शुगर आहे का, बीपी आहे का, आणखी कसला आजार, वर्षानुवर्षं घेत असलेल्या गोळ्या? तुम्ही खाटेवर होतात, मी उशाशी आणि अनिकेत तुमच्या पायांशी, हातात तुमची चप्पल धरून. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही माझ्याकडे बघत होतात.

मी म्हणाले, "शुगर आहे. बाकी काही नाही."

तेव्हापासून मी तीच नजर आठवतेय. तुम्ही 'सांग' म्हणत होतात का 'नको सांगू' म्हणत होतात? वीस वर्षं तुमचा चेहरा मी रोज बघितला, दुखतंय का भूक लागलीय, सगळं मला त्यावरून कळायचं. त्या एका क्षणी मला वाचता आलं नाही. का वाचायचं नव्हतं? तुम्ही बोलू शकत होतात, तुम्हाला शुद्ध होती. पण ज्या घरानं वीस वर्षं तुम्हाला गप्प बसवलं, त्या घरातली मी तिथे उभी होते. तुम्ही कशा बोलणार?

डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, म्हणाला, थांबा, परत एक पट्टी काढू. तासाभरानं तुम्ही पाणी मागितलं. मी पेला घेऊन वळले आणि तुमची मान कलली होती. पडदे ओढले, माणसं धावली. मला बाहेर काढलं. अनिकेतच्या हातात अजून तुमची चप्पल होती.

तेरावं झालं आणि तुमच्या फोनवर दवाखान्यातून फोन आला. सुमन आल्या नाहीत गोळ्या न्यायला, तारीख उलटली. मी येते म्हणाले आणि गेले. रांगेत बसले, तुमच्या जागी. माझ्या आजूबाजूला तुमच्यासारखे दोघं-तिघं जुने होते, बाकीचे नवे, भरलेल्या गालांचे. नव्या गोळ्यांनी तसं होत नाही म्हणे. मला त्यांचा राग आला. त्यांच्या गालांचा. देव मला क्षमा करो, मी एका मुलीच्या गालांकडे बघून रडायला लागले.

मॅडमनी दार लावलं. मी सगळं सांगितलं, डॉक्टरनं काय विचारलं, मी काय सांगितलं. मग विचारलं, खरं सांगितलं असतं तर वाचल्या असत्या का? त्या म्हणाल्या, इतकी वर्षं हा आजार आणि त्या जुन्या गोळ्या असल्या की हृदयाला धोका जास्त असतो, कदाचित त्यांनी लवकर दुसरी पट्टी काढली असती, लवकर मोठ्या ठिकाणी पाठवलं असतं. कदाचित काहीच बदललं नसतं. "हेळोक्कागल्ला," त्या म्हणाल्या. सांगता येत नाही. मी म्हणाले, हो किंवा नाही, एक काहीतरी सांगा. त्यांनी माझा हात धरला. हात धरून काय होतं, अक्का? मला 'नाही' हवं होतं. ते त्या देऊ शकल्या नाहीत. 'हो' म्हणाल्या असत्या तरी मला झोपायला काहीतरी मिळालं असतं.

घरी आले तेव्हा मेघना तुमच्या खोलीत होती. गिऱ्हाइकांचे अर्धे शिवलेले ब्लाउज पिशव्यांत भरत होती. मी खाली बसले आणि तिला सांगितलं. आजाराचं नाव घेऊन सांगितलं. भाऊजींचं, गोळ्यांचं, गालांचं, तुमच्या वेगळ्या ताटाचंसुद्धा. ती हातातल्या ब्लाउजची घडी घालत होती आणि परत मोडत होती.

शेवटी म्हणाली, "आई, अनिकेत काही म्हणाला नसता."

मग तिनं विचारलं, "आत्या समोर मरत होती. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?"

तुझ्यासाठी. हे एवढंच उत्तर होतं. ते माझ्या ओठांपर्यंत आलं, आणि मी तिच्याकडे बघितलं. तेवीस वर्षांची पोर. अडीच महिन्यांवर लग्न. हे ऐकल्यावर ते मंगळसूत्र ती कसं घालणार होती? आयुष्यभर त्याच्या प्रत्येक मण्यात तुम्ही दिसला असतात तिला.

मी म्हणाले, "घाबरले गं. सुचलंच नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं, आणि उठून बाहेर गेली. तिला मी भित्री वाटले. वाटू दे.

अक्का, मी पुन्हा खोटं बोलले. ह्या वेळी तरी बरोबर बोलले का, ते मला कोणाला विचारायचं?